पाण्याचा दिवस सोडून

सोलापुरात बायकांसाठी कुठलाही कार्यक्रम ठरवायचा असेल तर मुहूर्त नंतर बघायचा, आधी त्या गल्लीला पाणी कधी आहे ते विचारायचं. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, पण नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा, आणि मध्येच वीज गेली किंवा पाइपलाइन फुटली की तेही पुढे ढकललं जातं. पाण्याच्या दिवशी घरातली बाई घर सोडत नाही. हंडे, बादल्या, बॅरल, धुणं, भांडी, सगळं त्या दोन-तीन तासांत उरकायचं असतं. त्या दिवशी तुम्ही पैठणीचं बक्षीस ठेवा, खुर्च्या रिकाम्याच राहणार.

मी इथे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एका विभागात करारावर उपक्रम समन्वयक म्हणून लागले. माझं शिक्षण समाजकार्याचं. काम काय, तर वस्त्यांमध्ये खेळ घ्यायचे, उन्हाळी शिबिरं भरवायची, ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राकडे लक्ष ठेवायचं, महिलांसाठी उपक्रम करायचे आणि वरून येतील ते सगळे 'दिन' पार पाडायचे. 21 जूनचा योग दिन, 29 ऑगस्टचा क्रीडा दिन, 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन. अकरा महिन्यांचा करार, मानधन ठरलेलं. घरी सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लोकांना खेळवायचं. एवढंच ना?"

एवढंच. पण कायद्यातही या कामाची जागा जरा मागच्या बाकावर आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात कामांचे दोन गठ्ठे आहेत. कलम 63 मध्ये बंधनकारक कामं: पाणी, गटार, दिवाबत्ती, साफसफाई. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं, आणि बागा, मैदानं, क्रीडांगणं या दुसऱ्या गठ्ठ्यात येतात. पुढे 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं, क्रीडांगणं आणि सांस्कृतिक कामांचा उल्लेख आला खरा, पण अंदाजपत्रकाला बसताना आधी पहिला गठ्ठा सुटतो. मला यात गैर काही वाटत नाही. ज्या घरात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं त्या घरानं आधी पाणी मागावं, कॅरम नंतर.

सुरुवातीला मी टेप घेऊन फिरले. कागदावर जागांची यादी असते, ती जागेवर जाऊन बघावीच लागते. नियमाप्रमाणे चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडायची असते. प्रत्यक्षात कुठे त्या खुल्या जागेत देऊळ उभं असतं, कुठे मंडपवाल्याचे बांबू, कुठे बंद पडलेली टमटम, कुठे बोअर. उरलेल्या तुकड्यात काय बसेल ते मापल्याशिवाय कळत नाही. खो-खोचं मैदान 27 मीटर बाय 16 मीटर. ते फार थोड्या ठिकाणी बसतं. महिलांच्या कबड्डीला 12 बाय 8 लागतं, ते जरा तरी जमतं. लगोरीला काहीच लागत नाही, म्हणून लगोरी सगळीकडे बसते.

पूर्व भागात, म्हणजे शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, अशीच एक जागा मापत होते. टेपचं एक टोक एका पोराच्या हातात दिलं होतं. दोन मिनिटांत पाच-सहा घरांची दारं उघडली. एक आजोबा सरळ येऊन टेपवर पाय देऊन उभे राहिले. "काय करायलालाव मॅडम? रस्ता रुंद करायलालाव का प्लॉट पाडायलालाव?" मी म्हटलं, कबड्डी. त्यांचा विश्वास बसेना. कचेरीची माणसं टेप घेऊन आली की घराचा ओटा तरी जातो नाहीतर पायरी तरी, हा त्यांचा अनुभव. शेवटी त्या पोराला मधे उभं करून "कबड्डी कबड्डी" म्हणायला लावलं, तेव्हा आजोबांनी पाय उचलला. पुढे त्याच आजोबांनी त्या जागेतल्या बाभळी काढून दिल्या. रेषेला लावायला पाडलेल्या ओट्यांचे दगडही त्यांनीच दिले.

जागा मापल्यावर माणसं. सर्वेक्षणाचा एक फॉर्म होता, त्यात 'छंद' असा रकाना होता आणि 'रिकामा वेळ (तासांत)' असा दुसरा. तो घेऊन मी एका विडी कामगार बाईच्या दारात बसले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेल्या तेंदूच्या पानांचा ढीग, पत्र्याचं माप, कात्री, दोऱ्याची गुंडी. मी प्रश्न विचारत होते आणि तिचे हात चालू होते. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, दोऱ्याचे वेढे मारायचे, तोंड दुमडायचं. नजर माझ्याकडे. 'छंद' विचारल्यावर ती हसली आणि शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली, मग दोघी हसल्या. 'रिकामा वेळ' विचारल्यावर मात्र ती गंभीर झाली, कारण त्याचं उत्तर तिला पक्कं माहीत होतं. सकाळी माल द्यायला कारखान्यात. तिथं रांग, मोजणी, छाट निघाली की तेवढ्या विड्या गेल्या. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे छाट म्हणजे सरळ नुकसान. घरी आल्यावर स्वयंपाक, मग पुन्हा सूप. संध्याकाळी पान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. ते मऊ पडेपर्यंत हात मोकळे. "पाचला या," ती म्हणाली, "साडेसहाला जावा. पाणी असंल त्या दिवशी येऊ नका."

माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यात कामाची माहिती मला त्या दारात मिळाली. त्याआधी महिलांचे कार्यक्रम दुपारी तीनला ठेवायची पद्धत होती, कारण तीन वाजता कचेरीची गाडी मोकळी असते. तीनला विड्या वळणाऱ्या बायकांचं निम्मं काम सुपात असतं. खेळ कुठला, बक्षीस काय, पाहुणे कोण, हे सगळं दुय्यम. त्या वस्तीत कुणाचे हात कधी मोकळे असतात ते कळलं की बाकीचं जमतं, आणि ते कळलं नाही तर कितीही बॅनर लावा.

तर पाच वाजता गेले. जागा समाजमंदिराची. ठरवलेला कार्यक्रम म्हणजे संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि 'आरोग्याचे महत्त्व' यावर दहा मिनिटं. आरोग्याची दहा मिनिटं त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. संगीत खुर्चीला कुणी उठेना. नेसूचं नऊवारी-पाचवारी, समोर दारात पुरुष उभे, आणि खुर्चीसाठी ढकलाढकली करायची? तरण्या मुली तयार होत्या, पण सासवा बसलेल्या असताना त्या तरी कशा उठणार. मग मी स्पीकर लावला, तर मागच्या खोलीतून एक माणूस लुंगीवर बाहेर आला. यंत्रमागावर रात्रपाळी करून झोपला होता, पुन्हा रात्रीची पाळी. बोलला काहीच नाही, नुसता उभा राहिला. स्पीकर बंद केला, तो त्या गल्लीत पुन्हा कधीच लावला नाही.

मग कुणीतरी म्हणालं, बतुकम्माचा फेर धरू. लगेच एका म्हातारीने हरकत घेतली. बतुकम्मा नवरात्राच्या दिवसांतला, फुलं रचून करायचा; उन्हाळ्यात नुसता फेर धरला तर देवीला काय वाटेल? त्यावर चांगली दहा मिनिटं तेलुगूत चर्चा झाली. मला त्यातलं जे समजलं ते असं की गाणं म्हणायचं नाही, फुलं ठेवायची नाहीत, नुसता फेर आणि टाळ्या, म्हणजे देवीचा काही संबंध येत नाही. हा तोडगा म्हातारीनेच काढला आणि पहिली तीच उठली. वाकून एक टाळी, सरळ होऊन एक टाळी, एक पाऊल उजवीकडे. स्पीकर नाही, गाणं नाही. थोड्या वेळाने एका कोपऱ्यात दोन मराठी बायकांनी फुगडी धरली. त्या दिवशीच्या अहवालात 'उपस्थिती' आणि 'राबविलेले खेळ' हे दोन रकाने होते. दुसऱ्यात मी 'फेर, फुगडी' असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पुढे दर शुक्रवारी, पाण्याचा दिवस सोडून, हा घोळका चांगला जमायला लागला. फरशीच्या तुकड्यांची लगोरी रचून पदर खोचून खेळणाऱ्या पन्नाशीच्या बायका मी पाहिल्यात. अट एवढीच की पुरुषांनी दारातून बाजूला व्हावं. पुरुष बाजूला करायचं काम माझं नव्हतं, त्यासाठी ती म्हातारीच पुरेशी होती.

आता कागदाची बाजू. बाहेरच्याला वाटतं कॅरम बोर्ड घ्यायचा म्हणजे दुकानात जायचं. आधी टिपणी. टिपणीत गरज लिहायची, मग अंदाजे खर्च, मग हा खर्च कुठल्या हेडमधून. हेड म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, आमच्या धंद्यातला परवलीचा शब्द. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के राखीव, दिव्यांगांसाठी पाच टक्के राखीव. उपक्रम यातल्या कशात बसतो ते आधी ठरवायचं. टिपणी विभागप्रमुखांकडे, तिथून लेखा विभागाकडे, तिथून मान्यतेला. मग तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, माल आला की साठा नोंदवहीत नोंद, मग बिल. कॅरम बोर्ड टिकाऊ, तो डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत. सोंगट्या आणि पावडर उपभोग्य, त्या वेगळ्या वहीत. लोक याला नावं ठेवतात, मला ही शिस्त आवडायला लागली. एकदा एका केंद्रातून कॅरम बोर्ड नाहीसा झाला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला रंगवलेल्या डेड स्टॉकच्या नंबरावरूनच तो एका तरुण मंडळाच्या कट्ट्यावर सापडला. पोरं म्हणाली, आजोबा दुपारी झोपतात, बोर्ड नुसताच पडून होता. त्यांचंही बरोबर होतं. मग दुपारी बारा ते चार बोर्ड पोरांचा, बाकी वेळ आजोबांचा, असं ठरलं. पावडर ज्याची त्याने आणायची.

विरंगुळा केंद्रात येणारे बरेचसे जुने गिरणी कामगार. सोलापूरची पहिली कापड गिरणी 1877 ची, तीच ती जुनी गिरणी. त्यानंतर एकामागून एक गिरण्या आल्या आणि एकामागून एक बंदही पडल्या. या माणसांच्या अंगात अजून भोंग्याची वेळ आहे. केंद्र सातला उघडायचं ठरलं तर पावणेसातला दारात उभे, आणि शिपाई सात वाजून पाच मिनिटांनी आला तर माझ्या फोनवर तक्रार. पेपर कुणी आधी वाचायचा यावर भांडणं. बसायची जागासुद्धा खात्यावरून ठरलेली, विणकामवाले एका बाकावर, कातकामवाले दुसऱ्या. म्हाताऱ्या बायका मात्र तिथं येत नसत. बाकं रस्त्याकडे तोंड करून, समोर चहाची टपरी. त्यांच्यासाठी मंगळवारची सकाळ वेगळी ठेवली आणि बाकं भिंतीकडे फिरवली तेव्हा थोड्याशा यायला लागल्या. नातवंडांना शाळेत सोडून, परतीच्या वाटेवर.

उन्हाळी शिबिराबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण वर्षभरात सगळ्यात मोठं काम तेच. इथला मे महिना म्हणजे पारा 42-43 वर. शिबिर सकाळी साडेसहाला सुरू आणि साडेआठला बंद, त्यानंतर एक मिनिट नाही. खेळ शिकवायला मानधनावर प्रशिक्षक, पाण्याचे जार, मीठ-साखरेचं पाणी, प्रथमोपचार पेटी. दहीभात खाऊन या असं आम्ही पोरांना सांगायचो, पण सकाळी साडेसहाला कोण दहीभात करून देणार. बहुतेक पोरं चहा-पाव खाऊन यायची, म्हणून चिक्की ठेवायला लागलो. आधी पळवायचं नाही, आधी चिक्की, हा प्रशिक्षकांना घालून दिलेला दंडक.

मुलींचा प्रश्न वेगळा होता. नावं भरपूर यायची, मैदानात मुली कमी दिसायच्या. ज्या यायच्या त्यातल्या कितीतरी जणींच्या कडेवर धाकटं भावंड. आई घरकामाला नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला गेलेली, मग पोर कुणाकडे? ती मुलगी रेषेच्या बाहेर उभी राहून खेळ बघायची आणि आठ वाजता घरी जायची. प्रशिक्षक म्हणाले, भावंडं आणायची नाहीत असा नियम करा. असा नियम केला असता तर मुलीच आल्या नसत्या. त्याऐवजी झाडाखाली सतरंजी टाकली, जुने डबे, झाकणं, रबरी चेंडू ठेवले, आणि अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका बाईंना बसवलं. त्यांचं मानधन कशात दाखवायचं यावर टिपणी बराच वेळ फिरली. शेवटी 'सहायक प्रशिक्षक' म्हणून मान्य झाली. बाई सांगायच्या, आयुष्यात पहिल्यांदाच मी प्रशिक्षक झाले. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या एका मुलीने कबड्डीत अशी चढाई केली की पलीकडच्या तिघींना घेऊन आली. भाऊ सतरंजीवर डबा वाजवत होता.

उद्घाटनाचा एक स्वतंत्र अध्याय होईल. प्रशासकाच्या काळात निवडून आलेलं सभागृह नव्हतं, त्यामुळे परिसरातले सगळे नगरसेवक 'माजी', पण मान 'आजी' नगरसेवकाचाच लागायचा. मांडव, खुर्च्या, सत्कार, शाल, श्रीफळ, आणि पोरं उन्हात ओळीत. मी नारळ समारोपाच्या दिवशी फोडायचा प्रस्ताव ठेवला. पोरं शिकलेली असतात, प्रात्यक्षिक दाखवता येतं, पाहुण्यांचे फोटोही चांगले येतात. हे शेवटचं कारण सगळ्यांना पटलं.

वर्षाचं वेळापत्रक इथं सणांभोवती फिरतं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर गड्डा, म्हणजे पाळणे-दुकानांची जत्रा. त्या दिवसांत खेळाचं काहीही ठेवू नये, पोरं पाळण्यात असतात. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती यांच्या आधी लेझमीचे सराव. सोलापुरात लेझीम म्हणजे चेष्टा नाही, संध्याकाळची मैदानं त्यांचीच. भांडण्यापेक्षा लेझमीलाच उपक्रम म्हणून नोंदवलं आणि मुलींचं एक पथक सुरू केलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, त्या दिवशी पूर्व भागात दुसरं काही नाही. रमजानमध्ये संध्याकाळचे खेळ रोजा सुटण्याच्या वेळेआधी संपवायचे. सूचना मराठीत लिहायची, पण रिक्षावरून तेलुगूत पुकारायची, आणि विजापूर वेशीकडे गेलात तर दखनीत. कन्नड बोलणारे सगळं समजून घेतात आणि शेवटी त्यांच्या भाषेत आपल्याला हसतात.

अलीकडे शुक्रवारचा घोळका पातळ झालाय. त्यातल्या काही जणींना कुंभारीच्या रे नगरमध्ये घरं मिळाली. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत, त्यातली पहिली पंधरा हजार 2024 च्या जानेवारीत ताब्यात दिली गेली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेल्या, मला आनंदच आहे. त्यातली एक अधूनमधून फोन करते. "मॅडम, हितं जागा लई हाय. कधी येताव?" कुंभारी हद्दीबाहेर, माझी नेमणूक हद्दीतली. तिला म्हटलं, लगोरी तुम्हाला येते, तुम्हीच घ्या. तिचं म्हणणं, आम्ही घेतलं तर कोण येतंय, कचेरीची बाई आली की सासू सोडते. या वाक्यावर मी बराच विचार केला. आमच्या ओळखपत्राचा तिथल्या बायकांना खरा उपयोग हा होता: खेळायला जाते म्हणायचं नाही, बैठकीला जाते म्हणायचं.

सध्या दिव्यांची टिपणी चालू आहे. कबड्डीच्या त्या तुकड्यावर संध्याकाळी सातनंतर अंधार पडतो, आणि टॉवेल कारखान्यातल्या मुलींना सातशिवाय सुट्टी नाही. दोन खांब, चार दिवे, एवढीच मागणी. कार्यालय अधीक्षकांनी विचारलं, हे क्रीडा साहित्यात कसं बसेल? दिवे म्हणजे दिवाबत्ती, आणि दिवाबत्ती बंधनकारक कामांत येते, ऐच्छिक नव्हे, असं मी टिपणीत कलमासकट लिहिलंय. ते वाचून अधीक्षक म्हणाले, मग ही आमच्याकडे कशाला, विद्युत विभागाला वेगळी टाका. टाकली आहे.